घरातल्या परवानाधारकाचं निधन झालं, आता बंदुकीचं काय?

वडील किंवा आजोबा गेले की दिवसकार्य, बँक, सातबारा यांच्या धावपळीत माडीवरच्या बंदुकीची कुणाला आठवणच होत नाही. पण शस्त्र परवाना हा त्या माणसाच्या नावाचा असतो आणि जमिनीसारखा वारसांकडे चालत येत नाही. परवानाधारक गेल्यावर ते शस्त्र घरात ठेवायचा हक्क कुणालाच उरत नाही. विनापरवाना बंदूक बाळगण्याला शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीपासून किमान 2 ते कमाल 5 वर्षं कैद आहे. सरळमार्गी घरं केवळ दिरंगाईमुळे यात सापडू नयेत, एवढ्यासाठी हे लिहितो आहे.

शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 21 नुसार अशी बंदूक विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करावी लागते. आधी ठाण्यात फोन करा, बंदूक कशी आणायची ते विचारा आणि मगच ती हलवा. ठासणीची (नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची) असेल तर आत बार भरलेला असू शकतो, तेव्हा चाप ओढून बघू नका. जमा केल्याची पावती घेताना नळीवर कोरलेला क्रमांक, बोअर (नळीच्या आतल्या व्यासाचं माप) आणि काडतुसांची संख्या मूळ परवान्याशी ताडून पाहा. क्रमांकातला एखादा आकडा चुकला तर तो तिथेच दुरुस्त करून घ्या, नाहीतर पुढे प्रत्येक टेबलावर अडेल.

“जुनी आहे, गंजलीय, नुसती भिंतीवर टांगलीय” हे कोकणात फार ऐकू येतं. कायद्यात सूट आहे, पण दुरुस्ती करूनही जे हत्यार चालणारच नाही अशा कालबाह्य, पुराणवस्तू किंवा मोडक्या हत्यारालाच. लोहाराकडून चाप बसवून चालू होणारी बंदूक त्यात येत नाही.

शस्त्र आपल्याकडे ठेवायचं असेल तर वारसाने स्वतःच्या नावाने नवा परवाना मागायचा. वय 21 पूर्ण हवं. शस्त्र नियम 2016 प्रमाणे नमुना ए-1 मध्ये अर्ज करायचा. आयुक्तालय असलेल्या शहरात तो पोलीस आयुक्तांकडे जातो, इतरत्र जिल्हादंडाधिकारी म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांकडे. सोबत मृत्यू दाखला, मूळ परवाना, जमा पावती, वारस असल्याचा पुरावा, इतर वारसांचं ना-हरकत शपथपत्र, ओळख, वय व पत्त्याचे पुरावे आणि फोटो. शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र (नमुना एस-1) आणि डॉक्टरांचं प्रमाणपत्र (एस-3) हेही लागतं. डॉक्टरांच्या प्रमाणपत्रात शारीरिक-मानसिक स्वास्थ्यासोबत व्यसन नसल्याचाही उल्लेख असतो. माझ्या मते भावंडांचं शपथपत्र सर्वांत आधी करून घ्यावं, कारण वाटणीचा वाद सुरू झाला की सही मिळणं कठीण. पुढे पोलीस चौकशी होते आणि मंजूर परवाना 5 वर्षांसाठी मिळतो. शेतीच्या राखणीसाठी परवाना मिळाला तरी तो शिकारीची परवानगी होत नाही. तिथे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम 1972 लागू होतो.

वडील हयात असतानाही हे करता येतं. त्यांचं वय 70 झालं किंवा शस्त्र बाळगून 25 वर्षं झाली, यातलं जे आधी होईल तेव्हा ते वारसाचं नाव सुचवू शकतात. ही वाट जास्त सोयीची, कारण कागदांवर सही करायला ते स्वतः असतात.

एका व्यक्तीकडे जास्तीत जास्त 2 बंदुका, मग त्या वारशाने आलेल्या का असेनात. तुमच्याकडे आधीच 2 असतील तर तिसरी दुसऱ्या वारसाच्या नावाने करा किंवा विका. खासगी विक्रीत घेणाऱ्याकडे परवाना हवा. शिवाय जिल्हादंडाधिकारी आणि जवळचं पोलीस ठाणे यांना लेखी कळवून किमान 45 दिवस थांबावं लागतं. काहीच न करता बंदूक ठाण्यात पडून राहिली, तर मुदतीनंतर ती सरकारजमा होते.

अर्ज नामंजूर झाला तर कारणं लेखी मागा. पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही. अपील कलम 18 खाली होतं आणि त्याची मुदत 30 दिवसांची आहे. म्हणून आदेश हातात पडला त्या तारखेची नोंद ठेवा.