कॅमेरा फायबर अडॅप्टर

कॅमेरा फायबर अडॅप्टर : थेट प्रक्षेपणाच्या कॅमेऱ्याच्या पाठीवर, कॅमेरा आणि बॅटरी यांच्या मध्ये बसणारा डबा. कॅमेऱ्यातून निघालेला विद्युत संदेश प्रकाशात बदलून तो ओबी व्हॅनकडे (बाहेरच्या प्रक्षेपणाची नियंत्रण-गाडी) किंवा नियंत्रण कक्षाकडे पाठवायचा आणि तिकडून आलेल्या प्रकाशाचा पुन्हा विद्युत संदेश करून कॅमेऱ्याला द्यायचा, हे त्याचे काम. दुसऱ्या टोकाला त्याचा जोडीदार असतो, त्याला बेस स्टेशन म्हणतात. दोघांमध्ये एकच केबल, फायबरची म्हणजे काचेच्या बारीक तंतूंची. तिच्यातून चित्र आणि आवाज व्हॅनकडे जातात. उलट दिशेने रिटर्न व्हिडिओ (व्हॅनमधून कॅमेरामनला दाखवायचे चित्र), टॉकबॅक (दिग्दर्शक आणि कॅमेरामन यांचे आपसातले बोलणे), टॅली (हा कॅमेरा प्रक्षेपणात आहे हे सांगणारा लाल दिवा), जेनलॉक (सगळ्या कॅमेऱ्यांना एका तालात ठेवणारा संदेश), आयरिस (लेन्समधला उजेड कमी-जास्त करणारी झडप) आणि रंगांचे नियंत्रण, आणि केबल संमिश्र जातीची (तंतूंसोबत तांब्याच्या तारा असलेली) असेल तर वीजसुद्धा कॅमेऱ्याकडे येते.

स्टुडिओसाठीच घडवलेल्या कॅमेऱ्यात ही सोय मुळातच असते. अडॅप्टर लागतो तो बातमीसाठी खांद्यावर घ्यायच्या किंवा सिनेमासाठी बनवलेल्या कॅमेऱ्याला. असे कॅमेरे एकट्याने काम करायला जन्मलेले. दहा कॅमेऱ्यांच्या फळीत उभे केले की त्यांना ना टॅली कळते, ना दिग्दर्शकाचा आवाज. सोनीचा एफ५५ हा सिनेमाचा कॅमेरा सीए-४००० हा अडॅप्टर लावून थेट कार्यक्रमांत आणला गेला. टेलिकास्टचा कॉपरहेड, मल्टिडाइनचा सिल्व्हरबॅक आणि ब्लॅकमॅजिकचा कॅमेरा फायबर कन्व्हर्टर ही याच घराण्यातली नावे.

पार्श्वभूमी : काचेच्या तंतूतून प्रकाश वाकवून नेण्यावर काम करणारे नरिंदरसिंग कपानी मूळचे पंजाबातल्या मोग्याचे, ‘फायबर ऑप्टिक्स’ हा शब्द १९६० मध्ये त्यांनीच रूढ केला. दूरसंचारासाठी असा तंतू पुरेसा पारदर्शक करता येईल हे चार्ल्स काव यांनी १९६६ मध्ये मांडले, आणि त्यासाठी २००९ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. दूरचित्रवाणीत मात्र तांबे बराच काळ टिकून राहिले. दुहेरी कवचाच्या ट्रायॅक्स केबलवर साध्या दर्जाचे चित्र मैदानाच्या पार पलीकडून सुखरूप येत असे. एचडी आले आणि हिशेब बदलला. जुना एसडीआय (तारेतून डिजिटल चित्र नेण्याची पद्धत) संदेश सेकंदाला २७० मेगाबिटचा, एचडीचा १.४८५ गिगाबिटचा, आणि ५० किंवा ६० फ्रेमच्या अल्ट्रा एचडीचा, म्हणजे १२जीचा, ११.८८ गिगाबिटचा. वेग वाढेल तसे तांबे लवकर दमते. १२जी संदेश चांगल्या कोॲक्स (मध्ये तांब्याची तार, भोवती कवच) केबलवरसुद्धा शंभरएक मीटरच्या पुढे भरवशाने जात नाही. व्हॅन मैदानाबाहेर, केबल गॅलऱ्यांच्या खालून वळसे घेत जाणारी. तिथे हे अंतर पहिल्या जिन्यापाशीच संपते.

केबल : १९९० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या एसएमपीटीई या संस्थेने दोन मानके ठरवली : केबलसाठी ३११एम आणि कनेक्टरसाठी ३०४एम. त्यामुळे आपल्याकडेही या केबलला सर्रास ‘एसएमपीटीई’ आणि कनेक्टरला ‘लेमो’ म्हणतात. लेमो ही स्वित्झर्लंडमधली कंपनी. लेऑन मूते या संस्थापकाच्या नावाची आद्याक्षरे जोडून ते नाव झाले. साधारण ९.२ मिलिमीटर जाडीच्या या केबलमध्ये दोन सिंगल-मोड (प्रकाशाला एकच वाट देणारे) तंतू, विजेसाठी चार तारा, नियंत्रणासाठी दोन बारीक तारा आणि ताण सोसायला मध्ये पोलादी दोर असतो. दुसरा पर्याय निव्वळ तंतूंच्या बारीक, हलक्या केबलचा. ती ओढायला सोपी, पण वीज नेत नाही. कॅमेरा बॅटरीवर किंवा जागेवरच्या सॉकेटवर चालवावा लागतो. सहा तासांचा सोहळा असेल तर कोणत्या टोकाला किती बॅटऱ्या लागतील हे आधीच मोजलेले बरे.

केबलमधली वीज बाराच्या ऐवजी दोनशेच्या आसपास व्होल्टची का असते, हा प्रश्न नवख्यांना हमखास पडतो. समजा कॅमेरा, लेन्स आणि अडॅप्टर मिळून ६० वॉट खातात. १२ व्होल्टवर याचा अर्थ ५ अँपिअर. अर्धा किलोमीटर केबलमधल्या वीजतारांचा जाऊन-येऊन रोध सोळा-सतरा ओहम भरतो. ५ अँपिअर त्यातून न्यायचे तर वाटेतच ८० व्होल्ट खर्ची पडतील, आणि आपल्याकडे आहेत बारा. तीच शक्ती २०० व्होल्टवर पाठवली तर प्रवाह ०.३ अँपिअर, वाटेतली घट ५ व्होल्ट. म्हणून बेस स्टेशन उंच दाब पाठवते आणि अडॅप्टर तो कॅमेऱ्याजोगा उतरवून देतो. हा दाब जिवावर बेतू शकतो. त्यासाठी बेस स्टेशन आधी किरकोळ दाब सोडून समोर खरोखर अडॅप्टर आहे का ते तपासते, होकार मिळाल्यावरच मोठा दाब देते, आणि केबल तुटली किंवा सुटली की तो लगेच तोडते. तरीही चालू बेस स्टेशनवरचा लेमो काढू-घालू नये. ही सोय अपघातासाठी आहे, आळसासाठी नाही.

जोडणी : सगळे बंद ठेवून सुरुवात करायची. अडॅप्टर कॅमेऱ्याच्या बॅटरी बसवायच्या व्ही-माउंट किंवा गोल्ड-माउंट पाटीवर ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत बसवायचा, त्याच्या मागे बॅटरी. केबलवरून वीज येत असली तरी बॅटरी लावावी. व्हॅनचा जनरेटर अडखळला तर कॅमेरा पुन्हा सुरू होण्याची वाट पाहावी लागत नाही. पाठीवर वजन वाढल्याने ट्रायपॉडवरचा तोल बिघडतो, म्हणून कॅमेरा पुढे सरकवून हेडचा (ट्रायपॉडच्या फिरत्या माथ्याचा) तोल नव्याने लावायचा. ही पायरी गडबडीत राहते, आणि मग पहिल्याच टिल्टला कॅमेरा आभाळ दाखवतो. पुढे वीतभर लांबीच्या केबली : कॅमेऱ्याचा एसडीआय आउट अडॅप्टरच्या इनला, अडॅप्टरचा रिटर्न कॅमेऱ्याच्या इनला, जेनलॉकची एक, रिमोटची एक. हेडफोन कॅमेऱ्यात नव्हे, अडॅप्टरमध्ये.

लांब केबलच्या एका टोकाला नर आणि दुसऱ्याला मादी कनेक्टर असतो, त्यामुळे दोन ड्रम एकमेकांना जोडता येतात. पण उलट्या दिशेने अंथरलेली तीनशे मीटर केबल पुन्हा गुंडाळण्यावाचून इलाज नसतो. ड्रम गाडीतून उतरवतानाच कुठले टोक व्हॅनकडे हे पाहून घ्यावे.

सफाई : तांब्याच्या कनेक्टरला धूळ चालते, धातू धातूला घासला की संपर्क होतो. फायबरच्या जोडात काचेला काच टेकते, आणि प्रकाश जातो तो गाभा जेमतेम ९ मायक्रॉनचा. माणसाचा केस त्याच्या सात-आठ पट जाड. बोटाचा हलका स्पर्श झाला तरी त्या गाभ्यावर तेलाचा तवंग पसरतो. शर्टाच्या टोकाने पुसणे, तोंडाने फुंकर मारणे हे तर हवेतल्या ओलाव्याला आमंत्रण. योग्य रीत अशी : तपासणीच्या सूक्ष्मदर्शकातून टोक पाहायचे, कोरड्या क्लीनरने पुसायचे, पुन्हा पाहायचे. डाग हटला नाही तर धागे न सोडणाऱ्या कागदावर शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब, आणि लगेच कोरडे पुसणे. दोन्ही बाजू पुसायच्या, कारण एका बाजूचा कचरा जोडताना दुसऱ्या काचेत दाबला जातो आणि तिथे कायमचा खड्डा पडतो.

प्रकाशाचा हिशेब मांडला की सफाईचे वजन कळते. १३१० नॅनोमीटरच्या प्रकाशाची तंतूतली घट किलोमीटरला सुमारे ०.३५ डेसिबल. स्वच्छ जोडाला अर्धा डेसिबल धरतात. म्हणजे अर्धा किलोमीटर केबल आणि चार जोड असतील, तर अंतर खाते ०.२ डेसिबलसुद्धा नाही आणि जोड खातात दोन. एक मळका जोड एकटाच तीन डेसिबल, म्हणजे निम्मा प्रकाश, गिळू शकतो. ‘केबल लांब आहे म्हणून चित्र गायब होतंय’ हे वाक्य ओबी व्हॅनमध्ये वारंवार ऐकू येते आणि क्वचितच खरे असते.

टोपण हा यातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित भाग. केबल जोडली की दोन्ही बाजूंची टोपणे एकमेकांत बसवून ठेवायची. नाहीतर ती लोंबकळत धूळ गोळा करतात आणि सामान आवरताना तीच धूळ काचेवर बसते. गिरगाव चौपाटीच्या विसर्जनासारख्या ठिकाणी वाळू, खारा वारा आणि भाद्रपदातला पाऊस असे तिन्ही शत्रू एकदम हजर असतात. तिथे जोड जमिनीवर न ठेवता उंचावर बांधून वरून प्लास्टिक गुंडाळलेले बरे.

टोकात डोळा लावून ‘लाइट येतोय का’ पाहणे टाळायचेच. हा प्रकाश अवरक्त, म्हणजे डोळ्याला न दिसणारा. मोबाइलचा कॅमेराही इथे उपयोगी नाही : टीव्हीच्या रिमोटचा प्रकाश तो पकडतो, १३१० नॅनोमीटरला मात्र तो आंधळा असतो, आणि चालू जोड बंद आहे असे वाटून माणूस फसतो. प्रकाश मोजायला पॉवर मीटर आणि तुटलेली जागा शोधायला लाल लेसरचा टॉर्च वापरतात.

मांडणी : पहिली गोष्ट फॉरमॅट, म्हणजे चित्रात रेषा किती आणि सेकंदाला चित्रे किती. भारतात प्रक्षेपण ५० हर्ट्झच्या हिशेबाने चालते. भाड्याने आलेला कॅमेरा आधीच्या कामात ५९.९४ वर ठेवलेला असेल तर अडॅप्टर बिचारा जे मिळाले ते इमानाने पोचवतो आणि स्विचर (कोणत्या कॅमेऱ्याचे चित्र प्रक्षेपणात जाईल ते निवडायचे यंत्र) ते नाकारतो. दोष फायबरवर येतो. १०८०आय ५०, १०८०पी ५० आणि पीएसएफ २५ यांतले नेमके कोणते, हे कॅमेरा, अडॅप्टर आणि स्विचर या तिघांना एकच सांगायचे.

मग जेनलॉक. व्हॅनमधून निघालेला ताल कॅमेऱ्यापर्यंत पोचायला वेळ लागतो आणि चित्र परत यायलाही. काचेतून प्रकाश किलोमीटरमागे सुमारे ५ मायक्रोसेकंद घेतो. १०८०आय ५० मध्ये सेकंदाला २८,१२५ रेषा, म्हणजे एका रेषेला ३५.६ मायक्रोसेकंद. किलोमीटरभर केबलवरचा कॅमेरा जाऊन-येऊन १० मायक्रोसेकंद, म्हणजे पाव रेषेहून जास्त मागे पडतो. ही तूट एच-फेजच्या (रेषेची सुरुवात मागे-पुढे सरकवणाऱ्या) सेटिंगने भरून काढतात. स्विचरच्या प्रत्येक इनपुटला फ्रेम सिंक (आलेले चित्र थोपवून तालावर सोडणारी सोय) असेल तर तो हे आपोआप निभावतो, पण त्यासाठी चित्र फ्रेमपर्यंत उशिरा सोडतो. मग ओठ आणि आवाज यांचा मेळ पुन्हा तपासावा लागतो.

नियंत्रणाची भाषा प्रत्येक कंपनीची वेगळी. आरसीपीवरून (व्हॅनमधला कॅमेरा-नियंत्रणाचा फलक) फिरवलेली आयरिसची मूठ कॅमेऱ्याला कळायची तर अडॅप्टरमध्ये त्या कॅमेऱ्याचा प्रोटोकॉल निवडावा लागतो. ब्लॅकमॅजिकच्या पद्धतीत नियंत्रण आणि टॅली हे रिटर्नच्या एसडीआय संदेशातच दडलेले असतात, आणि कोणता हुकूम कोणासाठी हे कॅमेरा आयडीच्या आकड्यावरून ठरते. तो आकडा स्विचरच्या इनपुटशी जुळलाच पाहिजे. दोन कॅमेऱ्यांना ३ हाच आकडा दिला तर दोघांचे लाल दिवे एकदम लागतात, आणि व्हिजन इंजिनियर एकाचा उजेड कमी करतो तेव्हा दुसराही अंधारतो. भरल्या नाट्यगृहात हे पहिल्या अंकात लक्षात आले की टॉकबॅकवर जी भाषा ऐकू येते ती इथे देता येणार नाही.

टॉकबॅकमध्ये बहुधा दोन वाहिन्या असतात, एक दिग्दर्शकाची आणि एक तांत्रिक. हेडफोनचा माइक डायनॅमिक आहे की वीज लागणारा इलेक्ट्रेट, हे अडॅप्टरला सांगावे लागते. चुकल्यास कॅमेरामनला सगळे ऐकू येते पण त्याचे कोणालाच नाही.

बिघाड : डिजिटल चित्र हळूहळू खराब होत नाही. प्रकाश कमी होत गेला तरी पडद्यावर सगळे लख्ख, मग अचानक ठिपके चमकतात आणि दुसऱ्या क्षणी काळे. म्हणून चित्र चांगले दिसते हा जोड चांगला असल्याचा पुरावा नव्हे. बेस स्टेशनवर येणाऱ्या प्रकाशाचा आकडा दिसत असेल तर तो कार्यक्रमाआधी प्रत्येक कॅमेऱ्यासाठी कागदावर लिहून ठेवतात. मध्यंतरात तो दोन डेसिबलने उतरलेला दिसला, तर कोणीतरी केबलवर खुर्ची ठेवली आहे किंवा ती दारात चेमटली आहे. चित्र व्हॅनमध्ये येते पण कॅमेऱ्याला रिटर्न, टॅली काहीच नाही, अशा वेळी दोनपैकी एकच तंतू रुसलेला असतो. वीज आहे पण चित्र नाही, तर काच, म्हणजे तंतू, तपासावी. चित्र आहे पण वीज नाही, तर तारा. निव्वळ तंतूंच्या केबलवर दोन्ही बाजूंचे काहीच पोचत नसेल, तर आधी दोन तंतूंची अदलाबदल करून पाहतात.

काम संपल्यावर आधी बेस स्टेशन बंद, मग लेमो सोडवणे, लगेच टोपण. केबल हातावर गुंडाळताना एक वेढा सुलटा, एक उलटा घ्यायचा. सगळे वेढे एकाच बाजूने घेतले की पीळ साठतो आणि पुढच्या वेळी अंथरताना गाठी पडतात. मोठ्या लांबीची केबल जमिनीवर आठाच्या आकड्यात पाडून मगच ड्रमवर चढवतात.