कुकीचा बिल्ला

देवळाबाहेर चपला काढल्या की स्टँडवाला पत्र्याचा एक बिल्ला हातावर टेकवतो. त्यावर ४७ लिहिलेलं असतं. त्या ४७चा अर्थ आपल्याला माहीत असण्याचं कारण नाही, स्टँडवाल्याला माहीत असला की झालं. दर्शन घेऊन आलं, बिल्ला दाखवला, चपला मिळाल्या. त्यानं नाव विचारलं नाही, गावही विचारलं नाही.

कुकी हा असाच बिल्ला. वेबसाइट पहिल्यांदा उघडतो तेव्हा तिचा सर्व्हर पानासोबत मजकुराची एक छोटी ओळ पाठवतो: एक नाव आणि त्यापुढे अक्षरं-आकड्यांची माळ. ब्राउझर ती ओळ जपून ठेवतो आणि त्या वेबसाइटकडे पुन्हा काहीही मागायला गेला की आधी ती दाखवतो. कुकी हा प्रोग्रॅम नाही, व्हायरस तर नाहीच. चार हजार बाइटांच्या आसपास मावणारा नुसता मजकूर. तिची गरज पडली ती वेबच्या मूळ स्वभावामुळे. सर्व्हर विसराळू असतो. एक पान दिलं की मागणारा कोण होता हे तो विसरतो, आणि दुसरं पान मागितलं की ‘आपण कोण?’ इथून सुरुवात.

१९९४ साली कॅलिफोर्नियातल्या नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीला हा विसराळूपणा नडला. एमसीआय या टेलिफोन कंपनीला वेबवर दुकान मांडायचं होतं, पण गिऱ्हाइकानं टोपलीत काय टाकलंय याची अर्धवट नोंद स्वतःच्या सर्व्हरवर सांभाळायची तिची तयारी नव्हती. हे काम विशीतल्या लू मॉन्टुलीकडे आलं. एक सोपी वाट समोर होती: प्रत्येक ब्राउझरला एक कायमचा क्रमांक देऊन टाकायचा. मॉन्टुलीनं ती नाकारली. तसा क्रमांक असता तर प्रत्येक वेबसाइटला तोच दिसला असता आणि माणूस कुठून कुठे जातो याचा माग कुणालाही काढता आला असता. म्हणून त्यानं बिल्ल्याची पद्धत घेतली. ज्या वेबसाइटनं दिला, फक्त तिलाच तो परत दिसणार. युनिक्स या संगणकप्रणालीवर काम करणारे प्रोग्रॅमर अशा ‘जसा दिला तसा परत आणायच्या’ तुकड्याला आधीपासून मॅजिक कुकी म्हणत असत, तिथून नाव आलं. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात आलेल्या नेटस्केपच्या चाचणी आवृत्तीतच कुकी होती. पहिला उपयोग अगदी साधा होता: नेटस्केपच्या स्वतःच्या वेबसाइटवर आलेला पाहुणा याआधी येऊन गेलाय का, एवढंच बघायचं.

माग काढता येऊ नये म्हणून ज्या पद्धतीची निवड झाली, तीच पुढे माग काढायचं जगातलं सर्वांत मोठं साधन ठरली. फट राहिली होती ती चित्रांच्या वाटेनं. वेबपानावरचं प्रत्येक चित्र त्याच सर्व्हरवरून यावं असं बंधन नसतं. जाहिरातीचं चित्र जाहिरात कंपनीच्या सर्व्हरवरून येतं, आणि येताना तिचा बिल्लाही घेऊन येतं. आता कल्पना करा की आळंदी, जेजुरी आणि पंढरपूर, तिन्हीकडच्या चप्पल स्टँडचा ठेका एकाच माणसाकडे आहे आणि तो आळंदीत दिलेला बिल्ला सगळीकडे चालवतो. देवस्थानं वेगळी, पुजारी वेगळे. पण ४७ क्रमांकवाला कुठल्या दिवशी कुठे होता, हे ठेकेदाराच्या वहीत आपोआप जमत जातं. या ठेकेदाराच्या बिल्ल्याला थर्ड-पार्टी कुकी म्हणतात. नव्वदीच्या उत्तरार्धात डबलक्लिकसारख्या जाहिरात कंपन्यांनी याच वहीवर धंदा उभारला.

लोकांना यातलं काही कुणी सांगितलं नव्हतं. कुकी घेणं ब्राउझरमध्ये मुळातच चालू होतं आणि तशी सूचनाही येत नसे. फेब्रुवारी १९९६मध्ये ‘फायनान्शियल टाइम्स’नं याबद्दल लिहिलं तेव्हा कुठे चर्चा सुरू झाली, आणि अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनपुढच्या सुनावण्यांतही कुकी हा विषय आला. इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या मंडळींनी फेब्रुवारी १९९७च्या प्रस्तावित मानकात बजावलं की थर्ड-पार्टी कुकी घेऊ नयेत, निदान मुळात बंद असाव्यात. नेटस्केप आणि मायक्रोसॉफ्ट, दोघांनीही ते कानाआड केलं. मॉन्टुलीनं यामागचा आपला विचार पुढे लिहून ठेवला आहे: कुकी बंद केली तर जाहिरातवाले दुसरी, न दिसणारी वाट शोधतील, त्यापेक्षा दिसणारं साधन ठेवावं आणि ते पुसायची सोय माणसाच्या हाती द्यावी. त्यात तथ्य होतं. फक्त ती सोय सेटिंग्जच्या तळघरात ठेवली, आणि तळघरात कोण उतरतो? या विषयातलं प्रत्येक भांडण माझ्या मते इथेच येऊन थांबतं: माणसानं काहीच केलं नाही तर काय होणार, हे कोण ठरवतो?

वहीवर नाव लिहायचा प्रयत्नही झाला. डबलक्लिकनं १९९९मध्ये ॲबॅकस डायरेक्ट ही कंपनी घेतली. तिच्याकडे टपालानं खरेदी करणाऱ्या लाखो अमेरिकन घरांची नावं-पत्ते होते. बिल्ल्यामागचा माणूस ओळखता येईल हे दिसताच एवढा गदारोळ झाला की २०००मध्ये तो बेत बाजूला ठेवावा लागला. पुढे डबलक्लिकच गूगलनं ३.१ अब्ज डॉलरना घेतली.

युरोपनं कायद्याची वाट धरली. २००२च्या निर्देशात कुकीला नको म्हणायची मुभा होती. २००९च्या दुरुस्तीनं ते उलटं केलं: आधी संमती, मग कुकी. वेबसाइट उघडताच कुकीसाठी संमती मागत आपल्याला छळणारी पट्टी जन्मली ती इथे. मे २०१८पासून जीडीपीआर हा युरोपचा डेटा संरक्षण कायदा लागू झाला, संमतीची व्याख्या कडक झाली आणि पट्ट्यांचं पीक आलं. पट्टीची रचना एकदा निवांत बघा. ‘ॲक्सेप्ट ऑल’ निळ्या रंगात, अंगठ्याच्या बरोबर खाली. नकार मात्र करड्या अक्षरांत, ‘मॅनेज’ नावाच्या दाराआड, आणि आत भागीदार म्हणवणाऱ्या कंपन्यांची संपता संपत नाही अशी यादी. बातमी वाचायला आलेला माणूस अर्थातच निळं दाबतो. ऑक्टोबर २०१९मध्ये युरोपच्या न्यायालयानं प्लॅनेट४९ या ऑनलाइन लॉटरी कंपनीच्या प्रकरणात सांगितलं की आधीच टिक केलेला चौकोन म्हणजे संमती नव्हे. फ्रान्सच्या सीएनआयएल या नियामकानं जानेवारी २०२२मध्ये गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरोंचा दंड जाहीर केला. कारण एवढंच की होकार एका क्लिकमध्ये होत होता आणि नकाराला जास्त क्लिक लागत होते.

असा कायदा भारतात यायला वेळ लागला. सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायाधीशांनी ऑगस्ट २०१७मध्ये खासगीपण हा मूलभूत हक्क मानला, डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३मध्ये झाला, नियम नोव्हेंबर २०२५मध्ये निघाले आणि मुख्य तरतुदींना त्यापुढे १८ महिन्यांची मुदत मिळाली. कायद्यात कुकी हा शब्द नाही, पण दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. संमती मागे घेणं हे ती देण्याइतकंच सोपं हवं, आणि सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचायचा पर्याय हवा. म्हणजे मराठीतही. युरोपच्या पट्ट्यांवर संमतीऐवजी पुढे केल्या जाणाऱ्या ‘लेजिटिमेट इंटरेस्ट’ या कारणाला तिथे कुठला मराठी शब्द लढवतात, याची मला उत्सुकता आहे.

ब्राउझरांनी मधल्या काळात आपापली वाट काढली. ॲपलच्या सफारीनं मार्च २०२०मध्ये थर्ड-पार्टी कुकी सरसकट बंद केल्या. फायरफॉक्स २०१९पासून माग काढणाऱ्या कुकी मुळातच अडवतो. गूगलच्या क्रोमनं जानेवारी २०२०मध्ये त्या दोन वर्षांत बंद करायचा वायदा केला, मग तारखा पुढे ढकलल्या, जुलै २०२४मध्ये बेतच बदलला. ज्याचं पोट जाहिरातीवर, त्याच्याच हातात कात्री दिली की हेच होणार.

तेव्हा कात्री आपणच घ्यायची. क्रोमच्या सेटिंग्जमधल्या गोपनीयतेच्या भागात जाऊन थर्ड-पार्टी कुकी बंद कराव्यात. रोजचं बहुतेक काम त्यानं अडत नाही. एखादं पेमेंटचं पान अडलंच तर तेवढ्यापुरती सूट देता येते. पत्त्याच्या पट्टीच्या डाव्या टोकाच्या चिन्हावर क्लिक केलं की त्या वेबसाइटनं काय ठेवलंय ते दिसतं आणि तिथूनच पुसताही येतं. इन्कॉग्निटोवर मात्र फार भिस्त ठेवू नये. खिडकी बंद केली की त्यातल्या कुकी जातात, एवढंच. इंटरनेट पुरवणाऱ्याला तुम्ही कुठे गेलात ते कळायचं ते कळतंच.

मी एकदा उत्साहाच्या भरात सगळ्याच कुकी पुसल्या. मेल, बँक, रेल्वेचं तिकीट, सगळीकडून लॉगआउट झालो, आणि ज्या वेबसाइटांना मी नेमानं ‘नको’ म्हटलं होतं त्या पुन्हा पट्टी घेऊन उभ्या. माझं ‘नको’ त्यांनी कुकीतच लिहून ठेवलं होतं.