तळ्यात-मळ्यात खेळताना पोरांच्या डोक्यात काय चालतं?

मुंबईत आजकाल बर्थडेला गेम घ्यायला पण माणूस बोलावतात, माइक-स्पीकर-बबल मशीन सगळं घेऊन येतो तो, आणि तरी दहा मिनिटांत सोसायटीच्या हॉलमधली निम्मी पोरं भिंतीला टेकून बसलेली दिसतात, कारण ती आऊट झालेली असतात. संगीत खुर्चीचा हाच तर लोचा आहे. बारा पोरं असली तर अकरा राउंड होणार, आणि पहिल्याच राउंडला गेलेलं पोर उरलेले दहा राउंड वेफर्स खात नुसतं बघणार. आणि जातं कोण, तर बहुतेक वेळा सगळ्यात लहान किंवा हळू पळणारं. डब्ल्यूएचओच्या २०२० च्या गाइडलाइनमध्ये ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल सांगितलीये, आणि आपण पळायला जमवलेल्या पोरांनाच बसवून ठेवतो!

त्यापेक्षा तळ्यात-मळ्यात घ्या. खडूची एक रेघ पुरते, तीही नको असेल तर लादीची फट चालते. आता नीट बघा काय होतं ते. "तळ्यात... मळ्यात... तळ्यात... मळ्यात" अशी लय लागली की पोरं ऐकायच्या आधीच उडी मारायला लागतात, आणि तेवढ्यात तुम्ही परत "मळ्यात" म्हणता. पाच वर्षांचं पोर सरळ तळ्यात जाऊन पडतं. नऊ वर्षांची मुलगी टाचा उचलते, हात हवेत, आणि रेघेवर डुलत कशीबशी थांबते. सगळी गंमत त्या थांबण्यात आहे. उडीचा हुकूम मेंदूतून जवळजवळ सुटलेला असतो आणि तो मागे घ्यायचा असतो, या कामात मेंदूच्या कपाळामागच्या भागाचा मोठा हात असतो आणि तोच भाग सगळ्यात शेवटी पिकतो, अगदी पंचविशीपर्यंत. म्हणून लहानग्यांना ओरडून उपयोग नाही, त्यांचं ब्रेकचं काम अजून चालू आहे.

अमेरिकेत ऑरेगन स्टेट युनिव्हर्सिटीच्या मेगन मॅक्लेलंड यांच्या टीमची याच्यावरच एक टेस्ट आहे, "डोक्याला हात लावा" म्हटलं की पायाच्या बोटांना लावायचा, म्हणजे उलटं करायचं. ज्यांना हे जमतं ती मुलं शाळेच्या सुरुवातीला गणितातही बरी असतात असं दिसलंय (म्हणून तळ्यात-मळ्यातचे क्लास काढू नका प्लीज). आपल्याकडे पण उलटं खेळता येतं, तळ्यात म्हटलं की मळ्यात. मोठी पोरं यातच आपटतात. चुकलं तर आऊट नाही, एक गिरकी घ्या आणि परत रेघेवर या. आणि अगदी छोटे, ते कच्चे लिंबू, ते कसेही उडोत.

पोरं दमत नाहीत ही आयांची तक्रार मात्र खरी आहे. २०१८ मध्ये फ्रान्सच्या संशोधकांनी ८ ते १२ वर्षांच्या मुलांना सायकलवर जोरात पॅडल मारायला लावून मोठ्यांशी तुलना केली, तर जोर लावून झाल्यावर मुलांच्या हृदयाचे ठोके मुरलेल्या खेळाडूंपेक्षाही पटकन खाली आले. त्यांचे स्नायू ऑक्सिजनवर जास्त काम करतात, त्यामुळे पाच मिनिटं पाणी प्यायला सोडली की परत फुल चार्ज. आपण मात्र पंख्याखाली.

केक खाल्ला म्हणून चेकाळलीत, असं कोणीतरी म्हणतंच. साखरेवरचे बरेच प्रयोग एकत्र तपासून १९९५ मध्ये निष्कर्ष आला की साखरेने पोरांच्या वागण्यात फरक पडत नाही. त्याच्या आदल्या वर्षीचा एक प्रयोग तर भारीच, सगळ्या मुलांना बिनसाखरेचं गोड पेय दिलं आणि निम्म्या आयांना सांगितलं की भरपूर साखर दिलीये. त्या आयांना आपली पोरं जास्त चळवळी वाटली, आणि त्याच पोरांना जास्त टोकत पण होत्या! तेव्हा केक आधी कापा नाहीतर नंतर, साखरेचा प्रश्न नाही. फक्त भरल्या पोटी लगेच उड्या नकोत, हॉल पुसायला लागतो.