आईच्या हातातली वाटी: बालआहार-शिक्षणाची पार्श्वभूमी

कुपोषणाचा विषय निघाला की ‘आयांना कळत नाही’ हे वाक्य आजही हमखास ऐकू येतं. आयांना बालआहार शिकवण्याचा महाराष्ट्रातला इतिहास पाहिला, तर हे वाक्य फार अपुरं वाटतं.

१९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला काम सुरू केलं. पाठोपाठ मोठा दुष्काळ पडला. पोटाची भूक आधी, म्हणून गावोगावी मुलांसाठी सामुदायिक स्वयंपाकघरं चालवावी लागली. पोर सुकलं तर कुणाची दृष्ट लागली किंवा देवीचा कोप झाला असं घरोघरी मानलं जाई. बाहेरून आलेल्या नर्सबाईचं ऐकून घेत, पण वागणं बदलत नसे. मग आरोळे दांपत्याने गावातल्याच बायकांना शिकवायला घेतलं. बहुतेक निरक्षर होत्या, अनेकजणी दलित. त्या जामखेडला येत, जातपात बाजूला ठेवून एकत्र जेवत, शिकत आणि गावी परतून शेजारणीच्या चुलीपाशी बसून सांगत. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोलाचा धडा हाच. स्वतः लेकरं वाढवलेली बाई घरातल्या सासूलाही पटवू शकते.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ प्रकल्पांतून एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी आली. तिथे झोळीच्या काट्यावर वजन होतं आणि तक्त्यावर ठिपका पडतो. आजूबाजूची सगळीच पोरं किरकोळ असली की आपलं बाळ कमी वजनाचं आहे हे नुसतं बघून कळत नाही, ठिपका खाली सरकताना दिसला की कळतं. पाककृतीच्या प्रात्यक्षिकात सेविका दाखवते की डाळीच्या वरच्या पाण्याने बाळाचं पोट भरतं, अंग भरत नाही. आठ महिन्यांच्या बाळाला एका वेळी जेमतेम वाटीभर जातं. म्हणून वरणभात घट्ट कुस्करायचा, चमचा तिरका केला तरी पटकन ओघळू नये इतका, आणि वर चमचाभर तेल किंवा तूप घालायचं.

१९९२ मध्ये जव्हारमधल्या वावर-वांगणीतल्या आणि १९९३ मध्ये मेळघाटातल्या कुपोषणाच्या बालमृत्यूंनी राज्य हादरलं. २००५ मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू झालं आणि पुढे गर्भारपणापासून दोन वर्षांपर्यंतच्या पहिल्या हजार दिवसांवर भर आला. दोन वर्षांखालच्या खुरटलेल्या, म्हणजे वयाच्या मानाने उंची कमी राहिलेल्या मुलांचं प्रमाण २००५-०६ मधल्या ३९ टक्क्यांवरून २०१२ मध्ये सुमारे २३ टक्क्यांवर आलं. पाच वर्षांखालच्या मुलांत मात्र २०१५-१६ आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहण्यांत ते ३५ टक्क्यांच्या आसपासच राहिलं. वीटभट्टीवर किंवा ऊसतोडीला गेलेल्या आईला घट्ट वरणभात ठाऊक असतो. पण दिवसातून चार-पाचदा बाळाला भरवायला तिला कामावरून उठता येत नाही, आणि गावच्या अंगणवाडीतलं तिचं नाव तिच्यासोबत फडावर जातंच असं नाही.