खांद्यावर अचानक पडलेले हात

जुलै 2006. सेंट पीटर्सबर्गजवळ जी-8 देशांची शिखर परिषद भरली होती. जर्मनीच्या चान्सलर अँगेला मर्केल टेबलाशी बसून शेजारी इटलीचे पंतप्रधान रोमानो प्रोदी यांच्याशी बोलत होत्या. मागून अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश आले, जाता जाता दोन्ही हातांनी मर्केल यांचे खांदे दाबले आणि पुढे निघून गेले. मर्केल दचकल्या. हात झटकन वर गेले, चेहरा आक्रसला, आणि बुश पुढे सरकल्यावर किंचित हसूही आलं. सगळा प्रकार काही सेकंदांचा.

यूट्यूब तेव्हा जेमतेम दीड वर्षाचं होतं. क्लिप जगभर फिरली. कुणी म्हणालं, ही छेडछाड आहे. कुणी म्हणालं, मोकळ्या स्वभावाचा माणूस आहे, मैत्रीतलं वागणं आहे, एवढं काय? बाकीचे नुसते हसले. लेबनॉनमध्ये युद्ध पेटून आठवडाही झाला नव्हता आणि त्यावर याच परिषदेत खल चालला होता, पण लोकांच्या लक्षात राहिले ते खांदे.

एकाच दृश्याचे इतके अर्थ निघाले कसे? उत्तराची सुरुवात त्या दचकण्यापासून करावी लागते. पाठीमागून अनपेक्षित स्पर्श झाला की मान आकसते, खांदे वर जातात, डोळे मिटतात. ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे. ती मेंदूच्या बुंध्यातून, म्हणजे ब्रेनस्टेममधून चालते आणि स्पर्श कुणाचा हे कळायच्या आतच सुरू होते. मर्केल यांच्या वर गेलेल्या हातांत अनेकांनी किळस वाचली, नंतरच्या हसण्यात काहींनी संमती वाचली. मला दोन्ही वाचनं घाईची वाटतात. दचकण्यातून एवढंच सिद्ध होतं की त्यांना कल्पना नव्हती. अर्थात, मुद्द्याची गोष्ट नेमकी तीच आहे.

स्पर्शाने मन शांत होतं हे खरं, पण कुठल्या? आपल्या केसाळ त्वचेत सी-टॅक्टाइल नावाचे बारीक, मंदगती मज्जातंतू असतात. सेकंदाला 1 ते 10 सेंटिमीटर अशा संथ गतीने, हलक्या हाताने कुरवाळलं की ते सर्वाधिक जागे होतात. कोटावरून दिलेल्या झटपट दाबाचा त्यांच्याशी फारसा संबंध नाही.

शिवाय त्वचा काही निव्वळ दाब मोजणारं यंत्र नव्हे. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पुरुषांना एफएमआरआय या मेंदूची हालचाल टिपणाऱ्या यंत्रात झोपवून त्यांच्या पायावरून हात फिरवला गेला. स्पर्श करणारी व्यक्ती प्रत्येक वेळी एक स्त्रीच होती. मात्र समोरच्या व्हिडिओमुळे त्यांना कधी वाटे की हात आकर्षक स्त्रीचा आहे, कधी वाटे पुरुषाचा. स्पर्शाची पहिली नोंद घेणारा मेंदूचा भाग, ज्याला फक्त ‘कुठे आणि किती’ एवढंच कळतं असा समज होता, तोसुद्धा या दोन वेळी वेगळा वागला. हात कुणाचा, ही माहिती स्पर्शाच्या मुळातच मिसळलेली असते.

फिनलंड आणि इंग्लंडमधल्या संशोधकांनी 2015 मध्ये पाच युरोपीय देशांतल्या 1300 हून अधिक लोकांना शरीराच्या आकृतीवर रंग भरायला सांगितलं: कुणी कुठे हात लावलेला चालेल? नातं जितकं जवळचं, तितका रंगाचा पसारा मोठा. अनोळखी माणसाच्या वाट्याला जवळपास फक्त हाताचे पंजे आले. आता फ्रान्सचे जाक शिराक आठवा. भेट झाली की ते मर्केल यांच्या हाताचं चुंबन घेत. ओठ टेकणं हे खांदे दाबण्यापेक्षा खरं तर अधिक जवळिकीचं. तरी त्यावर एवढा गदारोळ झाला नाही. ते समोरून होई, ठरलेल्या जागी होई, आणि हात पुढे करायचा की नाही हे मर्केल यांच्या हातात असे.

दर्जाचा भाग वेगळाच. कोण कुणाला हात लावतो आणि उलट कोण लावू शकत नाही, यातून सत्तेची उतरण दिसते, असं अमेरिकी मानसशास्त्रज्ञ नॅन्सी हेन्ली यांनी 1970 च्या दशकात मांडलं. पडताळा घ्यायचा तर पात्रं बदलून पाहावीत: मर्केल मागून येऊन बुश यांचे खांदे दाबताहेत. जमत नाही ना? आणि हात उतरणीच्या उलट दिशेने गेला तर तो आगाऊपणा ठरतो. 1992 मध्ये ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान पॉल कीटिंग यांनी राणी एलिझाबेथ यांच्या पाठीशी हात नेला, तर ब्रिटिश टॅब्लॉइडांनी त्यांना थेट सरडा ठरवलं.

उरले आपण, बघणारे. 1951 मध्ये प्रिन्स्टन आणि डार्टमथ या दोन अमेरिकी विद्यापीठांत अमेरिकन फुटबॉलचा धसमुसळा सामना झाला. पुढे हॅस्टॉर्फ आणि कँट्रिल या मानसशास्त्रज्ञांनी दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना त्याची एकच फिल्म दाखवून नियमभंग मोजायला लावले. डार्टमथच्या खेळाडूंचे नियमभंग प्रिन्स्टनवाल्यांना डार्टमथवाल्यांच्या दुपटीहून अधिक दिसले. मुलं खोटं बोलत नव्हती. प्रत्येकाने आपापला सामना पाहिला होता. 2006 मध्ये इराक युद्धावरून बुश यांच्याबद्दल लोकांची मतं आधीच पक्की झालेली होती. क्लिप त्या मतांवर येऊन पडली.

त्यात वेगाची गंमत. 2016 मधल्या एका अभ्यासात लोकांना हिंसक घटनेचं चित्रण काहींना मूळ वेगात, काहींना संथ करून दाखवलं. संथ पाहणाऱ्यांना ते कृत्य अधिक जाणूनबुजून केलेलं वाटलं, कारण करणाऱ्याला विचार करायला भरपूर वेळ होता असं भासतं. खरे किती सेकंद गेले हे पडद्यावर लिहून दाखवलं तरी भास कमी झाला, गेला नाही. मर्केल यांची क्लिप कित्येकांनी मागेपुढे करत, थांबवत पाहिली. छापलेल्या फोटोंत तर वेळ हा प्रकारच उरत नाही. तिथे बुश पुढे जात नाहीत, हात खांद्यावर आहेत ते आहेतच.