कौटुंबिक न्यायालयात वकिली सुरू करायची आहे? सनद, परीक्षा आणि पहिलं वकीलपत्र

एलएलबीचे निकाल लागले की आमच्या तीन टेबलांच्या ऑफिसात फोन सुरू होतात. "मॅडम, फॅमिली मॅटर्स शिकायच्यात, ज्युनिअर म्हणून घ्याल का?" मी उलट दोनच गोष्टी विचारते. सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, झाली का? आणि दहावीच्या प्रमाणपत्रावर नाव काय आहे? दुसऱ्या प्रश्नावर पोरं गोंधळतात. पण सनदेचे जेवढे अर्ज मी रखडलेले पाहिलेत, त्यातले बहुतेक नावापायी रखडले होते.

आधी पात्रता. सनद मिळते ती वकील अधिनियम, १९६१ च्या कलम २४ खाली. भारतीय नागरिकत्व, वयाची २१ वर्षं पूर्ण आणि मान्यताप्राप्त संस्थेची कायद्याची पदवी, मग ती बारावीनंतरची पाच वर्षांची असो वा पदवीनंतरची तीन वर्षांची. वरची वयोमर्यादा नाही. पंचेचाळिशीनंतर सनद द्यायची नाही असा नियम एकेकाळी केला गेला होता, तो सुप्रीम कोर्टाने १९९५ साली रद्द ठरवला. त्यामुळे बँकेतून निवृत्त होऊन काळा कोट चढवणारे काका कोर्टात भेटतात, आणि कौटुंबिक प्रकरणांत त्यांचे पांढरे केस बऱ्याचदा उपयोगीच पडतात.

नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्याला सुटकेनंतर दोन वर्षं सनद मिळत नाही. पोलीस केस प्रलंबित असेल तर अर्जात जिथे विचारलंय तिथे लिहून टाका. लपवलेली केस नंतर जास्त महागात पडते. पूर्ण वेळ पगारी नोकरीही चालत नाही. आधी राजीनामा, कार्यमुक्तीचं पत्र, मग सनद. सिनिअरकडे मिळणारा स्टायपेंड यात मोडत नाही, कारण तिथे तुम्ही वकील म्हणूनच काम करत असता.

सनद देणारी वकिलांची संस्था म्हणजे बार कौन्सिल. महाराष्ट्र आणि गोव्याची ती एकच, तिचं कार्यालय मुंबईत फोर्टला, हायकोर्टाच्या आवारात. कागदपत्रं साधारण अशी: जन्मतारखेसाठी दहावीचं प्रमाणपत्र किंवा शाळा सोडल्याचा दाखला, बारावीची गुणपत्रिका, तीन वर्षांचा कोर्स असेल तर आधीची पदवी, एलएलबीच्या सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका, पदवी किंवा तात्पुरतं उत्तीर्ण प्रमाणपत्र, आधार, फोटो, लागू असेल तर जातीचं प्रमाणपत्र, आणि ठरलेल्या नमुन्यातली प्रतिज्ञापत्रं. नमुने बदलत असतात. मित्राने मागच्या वर्षी वापरलेली पीडीएफ भरू नका, अर्ज करायच्या दिवशी कौन्सिलच्या संकेतस्थळावरूनच घ्या.

फीबद्दल अजून गैरसमज आहेत. पूर्वी निरनिराळ्या नावांनी रक्कम काही हजारांवर जायची. ३० जुलै २०२४ रोजी सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कायद्यात लिहिलंय त्यापेक्षा जास्त नोंदणी शुल्क राज्य बार कौन्सिलला घेता येणार नाही. म्हणजे सर्वसाधारण उमेदवाराला ६०० अधिक १५० असे ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला १०० अधिक २५ असे १२५ रुपये. मुद्रांक शुल्क लागेल ते वेगळं. कुणी 'आतून करून देतो' म्हणत आकडा सांगितला, तर हे दोन आकडे लक्षात ठेवा.

आता नावाचं प्रकरण. माझ्याकडच्या एका ज्युनिअरचं लग्न एलएलबीच्या दुसऱ्या वर्षी झालं. बीएच्या पदवीवर वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव, शेवटच्या दोन सत्रांच्या गुणपत्रिकांवर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव, आणि मधल्या एका गुणपत्रिकेवर इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक 'ए' जास्त. तिघी वेगळ्या बायका वाटाव्यात. विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि राजपत्रातली नावबदलाची नोंद यावर आडनावाचं भागलं, पण त्या जादा 'ए'साठी विद्यापीठात चार खेपा झाल्या. म्हणून सांगते, शेवटच्या सत्राचा निकाल लागायची वाट पाहू नका. सगळ्या गुणपत्रिका जमिनीवर ओळीने मांडा आणि नाव अक्षर न् अक्षर जुळवा. दुरुस्ती विद्यार्थी असतानाच सोपी जाते.

सनद मिळाली की तुमचा क्रमांक आणि वर्ष असलेली नोंद होते. मग परीक्षा, एआयबीई म्हणजे ऑल इंडिया बार एक्झामिनेशन. ही २०१० पासून आहे आणि २०२३ साली सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने ती वैध ठरवली. सनदेनंतर दोन वर्षांत पास व्हावं लागतं, तोवर तात्पुरती वकिली करता येते. १०० प्रश्न, साडेतीन तास, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. पासिंग सर्वसाधारण गटाला ४५ टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के. टिपा नसलेले मूळ कायदे जवळ बाळगता येतात. कौटुंबिक कायद्यावर प्रश्न किती? फक्त आठ. त्याच्यावरच भिस्त ठेवाल तर बुडाल. दिवाणी आणि फौजदारी प्रक्रिया, पुरावा, संविधान ही खरी गुणांची शेतं. शिवाय कौटुंबिक न्यायालयातही रोज लागते ती दिवाणी प्रक्रिया संहिताच.

आणि मग छोटं ऑफिस. स्टायपेंडचं विचारायला लाजू नका. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकात ज्युनिअरला शहरी भागात किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये महिना द्यावेत असं सुचवलंय. ही शिफारस आहे, सक्ती नाही, आणि बरीच ऑफिसं तेवढं देत नाहीत. पण आकडा माहीत असला की बोलणं सोपं जातं. मोठ्या फर्ममध्ये पहिलं वर्ष रिसर्चच्या फायलींत जातं. आमच्यासारख्या ठिकाणी पहिल्याच आठवड्यात तुम्ही अशिलासमोर बसता, आणि अशील रडायला लागलं की पाण्याचा ग्लास कधी पुढे करायचा आणि कधी नुसतं थांबायचं, हे कुठल्याच अभ्यासक्रमात नसतं.

कौटुंबिक न्यायालयाची एक गंमत नवख्यांना ठाऊक नसते. कौटुंबिक न्यायालये अधिनियम, १९८४ च्या कलम १३ प्रमाणे तिथे वकील हा पक्षकाराचा हक्क नाही. म्हणून नुसतं वकीलपत्र, म्हणजे अशिलाने तुम्हाला नेमल्याचा सहीचा कागद, देऊन भागत नाही, सोबत वकील नेमायच्या परवानगीचा अर्ज द्यायचा. परवानगी बहुतेकदा मिळते. तरीही समुपदेशकाच्या खोलीत नवरा-बायको आत आणि तुम्ही बाहेरच्या बाकावर. ज्या तालुक्याच्या गावी हे न्यायालय नाही, तिथे घटस्फोटाची याचिका दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्याकडे जाते आणि हा अर्ज लागत नाही. कौटुंबिक हिंसाचाराचं प्रकरण मात्र सहसा न्यायदंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे एकाच अशिलाच्या दोन कोर्टांत दोन तारखा. डायरी नीट ठेवा.

पहिल्या भेटीला अशील प्लास्टिकच्या पिशवीतून कागद आणतं. त्यातून काढायचं ते: विवाह नोंदणी प्रमाणपत्र, नसेल तर लग्नपत्रिका आणि फोटो, दोघांच्या पत्त्यांचे पुरावे, मुलांचे जन्मदाखले. लग्नाला वर्ष झालंय का ते आधी पाहा, एरवी अपवादात्मक परवानगीखेरीज घटस्फोटाचा अर्ज चालत नाही. बाईची याचिका असेल तर कोर्ट फी स्टॅम्प आणायला धावू नका. राज्य शासनाने १९९४ पासून अशा प्रकरणांत स्त्रियांना ती माफ केलीय. आणि तुमच्या सनदेला नडलेलं नाव इथेही भेटतं: आधारवर सासरचं, पॅनवर माहेरचं, पासबुकावर तिसरंच. याचिकेच्या शीर्षकात सासरचं आणि माहेरचं अशी दोन्ही नावं घ्या.

ज्युनिअरला खरं काम शिकवतं ते मालमत्ता आणि दायित्वांचं शपथपत्र. २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालानंतर पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात ते दोन्ही बाजूंनी द्यावं लागतं. एका प्रकरणात समोरच्याने उत्पन्न महिना १८,००० लिहिलं होतं. आमच्या ज्युनिअरने त्याच्या बँकेच्या उताऱ्यावर पट्टी धरून ओळ न् ओळ वाचली, तर दर महिन्याच्या पाच तारखेला १२,४०० रुपये गाडीच्या हप्त्याचे जात होते. तारखेला फार बोलावं लागलं नाही.

हीच सनद गोव्यात चालते, पण तिथे हिंदू विवाह अधिनियम घेऊन उभे राहाल तर हसं होईल. पोर्तुगीज काळापासूनचा सर्वधर्मीय दिवाणी कायदा, नवरा-बायकोची संपत्ती मुळात सामाईक, घटस्फोटाचा कायदा १९१० चा. सावंतवाडी-दोडामार्गच्या मुलांनी तो वेगळा अभ्यासावा, कारण सीमेपलीकडची लग्नं तुमच्याकडे येणारच.

तीन वर्षांची वकिली झाली की जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलसाठी अर्ज करता येतो. स्त्रियांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत विधी सहाय्य मिळतं, त्यामुळे तिथे कौटुंबिक कामाला तोटा नाही. मानधन थोडं, पण उलटतपास स्वतः घ्यायला मिळतो.

तोवर पहिलं वकीलपत्र येईल. त्यावर नाव सनदेवर आहे तस्संच लिहा, खाली नोंदणी क्रमांक, फोन नंबर आणि वेल्फेअर स्टॅम्प, म्हणजे वकील कल्याण निधीचं तिकीट. खालच्या कोर्टात गाऊन सक्तीचा नाही, पण गळ्यातला पांढरा बँड विसरू नका. आमच्या ऑफिसात एक जादा बँड कपाटाच्या दुसऱ्या खणात असतो, आणि तो कायम कुणीतरी नेलेला असतो.