सुरक्षा भागीदारीतील विश्वास

संकटात जोडीदार राष्ट्र दिलेला शब्द पाळेल आणि त्याच्या हाती सोपवलेली माहिती, तंत्रज्ञान किंवा तळ आपल्यावर उलटणार नाहीत, ही खात्री म्हणजे सुरक्षा भागीदारीतील विश्वास. केवळ कराराने तो येत नाही. ‘नाटो’ ज्यावर उभी आहे त्या १९४९ च्या उत्तर अटलांटिक कराराचे कलम ५ सुद्धा प्रत्येक सदस्याने ‘आवश्यक वाटेल ती’ कारवाई करावी एवढेच सांगते. सैन्य पाठवण्याची सक्ती त्यात नाही. शब्दाला वजन येते ते जोडीदाराच्या भूमीवर शांतताकाळातच तैनात असलेल्या तुकड्यांमुळे, संयुक्त सेनामुख्यालयामुळे आणि नियमित सरावांमुळे.

गुप्तवार्तेच्या देवाणघेवाणीत या विश्वासाचा रोज कस लागतो. मूळ देशाच्या परवानगीशिवाय माहिती तिसऱ्या देशाला द्यायची नाही, हा इथला पायाभूत नियम. तो मोडला तर सहसा जाहीर तक्रार होत नाही. आधी अहवालातले तपशील गाळले जातात, मग अहवाल उशिरा येतात, मग त्यांची संख्या घटते. आणि आपल्याला काय मिळेनासे झाले हे घेणाऱ्याला बराच काळ उमगतही नाही. ही झीज भरून काढणे फार कठीण असते.

प्रतिस्पर्ध्यांमध्ये विश्वासाची जागा पडताळणी घेते. युरोपातील लष्करी हालचाली एकमेकांना कळवण्याचे नियम असलेल्या व्हिएन्ना दस्तऐवज, २०११ नुसार ९,००० सैनिक किंवा २५० रणगाड्यांच्या सरावाची सूचना ४२ दिवस आधी द्यावी लागते. १३,००० सैनिकांपासून पुढे निरीक्षकांना बोलवावे लागते. पळवाटा दोन: मोठा सराव कागदोपत्री छोट्या तुकड्यांत दाखवणे आणि सैन्याला पूर्वकल्पना न देता घेतलेल्या ‘अचानक’ सरावाला असलेल्या सवलतीचा आधार घेणे.

मतभेद उघड असला तर भागीदारी बहुधा तगते. अण्वस्त्रे आहेत की नाहीत हे न सांगणाऱ्या अमेरिकी युद्धनौकेला न्यूझीलंडने १९८५ मध्ये प्रवेश नाकारला. १९८६ मध्ये अमेरिकेने त्या देशाच्या संरक्षणाची ‘अँझस’ (ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व अमेरिका यांच्या) करारातील जबाबदारी स्थगित केली, तरी गुप्तवार्तेचा धागा पूर्ण तुटला नाही. लपवाछपवीची जखम अधिक खोल असते. १५ सप्टेंबर २०२१ रोजी ऑस्ट्रेलिया, ब्रिटन व अमेरिका यांच्या ‘ऑकस’ या सुरक्षा भागीदारीची घोषणा झाली आणि ऑस्ट्रेलियाने फ्रान्सकडून घ्यायच्या १२ पाणबुड्यांचा करार सोडला. दोनच दिवसांनी फ्रान्सने वॉशिंग्टन व कॅनबेरातील राजदूत माघारी बोलावले. मित्रराष्ट्रांशी खुली सल्लामसलत व्हायला हवी होती, असे अमेरिका व फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी आठवड्याभरात संयुक्तपणे मान्य केले. ऑस्ट्रेलियाने फ्रेंच पाणबुडी कंपनीला द्यायच्या भरपाईची रक्कम, सुमारे ५५.५ कोटी युरो, जून २०२२ मध्ये ठरली.